शिनाण्याचा चिवट धागा आणि जनुकात न लिहिलेला घटक

मालवण, वेंगुर्ले किंवा रत्नागिरीच्या किनाऱ्यावर सुकतीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या कातळांवर हिरव्या कवचाची शिनाणी, म्हणजे दोन शिंपांत राहणारे मऊ अंगाचे सागरी जीव, दाटीवाटीने बसलेली दिसतात. ती हाताने निघत नाहीत, कोयतीने खरवडावी लागतात. आणि साफ करताना दोन शिंपांच्या फटीतून बाहेर आलेला केसांसारखा झुपका ओढून काढावा लागतो. हा झुपका प्रथिनांच्या धाग्यांचा असतो. प्रत्येक धाग्याच्या टोकाला एक बारीक चकती असते आणि तीच चकती खाऱ्या पाण्यात, लाटांच्या अखंड माऱ्यात, कातळ धरून ठेवते. ओल्या पृष्ठभागावर आपले बहुतेक गोंद चिकटत नाहीत, त्यामुळे शास्त्रज्ञांना या चकतीचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे.

शिनाण्याच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा तोच संच असतो, पण हा गोंद तयार होतो तो त्याच्या जिभेसारख्या मऊ पायातील ग्रंथींमध्ये. तेथे विशिष्ट जनुकांची आरएनएच्या रूपात प्रत निघते आणि रायबोसोम हे पेशीतील प्रथिने जोडणारे यंत्र ती प्रत तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचत अमिनो आम्लांची साखळी, म्हणजेच प्रथिन, जोडत जाते. असे 64 गट संभवतात. त्यांपैकी 61 गट 20 अमिनो आम्लांपैकी कोणते घ्यायचे ते सांगतात, तर उरलेले तीन साखळी संपल्याची खूण असतात. ही लिपी उलगडण्याच्या कामासाठी हरगोविंद खोराना यांना 1968 साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, तर रायबोसोमची रचना दाखवण्यासाठी वेंकटरामन रामकृष्णन यांना 2009 साली.

मात्र साखळी तयार झाली म्हणजे प्रथिन पूर्ण झाले, असे नाही. 1981 साली हर्बर्ट वेट आणि मार्विन टँझर यांनी शिनाण्याच्या युरोपीय भाऊबंदाच्या चिकट प्रथिनात डोपा नावाचे अमिनो आम्ल असल्याचे दाखवले. डोपा त्या 20 जणांत नाही आणि त्याच्यासाठी तीन अक्षरांचा कोणताही गट नाही. जनुक सांगते टायरोसीन. साखळी जोडली गेल्यावर एक विकर (एन्झाइम) त्यातील काही टायरोसीनांना ऑक्सिजनचा एकेक अणू जोडते आणि त्यांचे डोपा होते. पृष्ठभागाला चिकटण्याचे गुण बऱ्याच अंशी या जोडणीतून येतात. त्यामुळे एखाद्या जिवाची सगळी जनुके वाचली तरी त्याच्या प्रथिनांची निम्मी गोष्ट वाचायची राहते, असे मला ठामपणे वाटते.

ती उरलेली गोष्ट वाचण्याचे साधन म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर. प्रथिनांच्या मिश्रणावर आधी ट्रिप्सीन या विकराची क्रिया करतात. ते लायसीन आणि आर्जिनीन या अमिनो आम्लांनंतर साखळी तोडते. मिळालेल्या तुकड्यांना विद्युत्भार देऊन यंत्रात सोडतात आणि त्यांचे वस्तुमान अत्यंत अचूकपणे मोजतात. एवढे मोठे आणि नाजूक रेणू न मोडता यंत्रात कसे न्यायचे, हा प्रश्न सोडवल्याबद्दल जॉन फेन आणि कोइची तानाका यांना 2002 सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. एखादा तुकडा जनुकावरून काढलेल्या वस्तुमानापेक्षा बरोबर एका ऑक्सिजन अणूने, म्हणजे सुमारे 16 एककांनी जड निघाला, तर तिथे टायरोसीनचे डोपा झाल्याची शंका घेता येते. तोच तुकडा यंत्रात आणखी फोडला की नेमकी जागाही कळू शकते. हजारो तुकड्यांसाठी ही जुळणी संगणक एकाच वेळी करतो.

अडचण अशी की जुळवण्यासाठी आधी त्या जिवाच्या प्रथिनांतील अमिनो आम्लांच्या अनुक्रमांची यादी हवी, आणि सागरी जिवांच्या बाबतीत ती सहसा हाताशी नसते. आपल्या किनाऱ्यावर आढळणाऱ्या याच हिरव्या जातीच्या बाबतीत सिंगापूरच्या नानयांग तंत्रज्ञान विद्यापीठातील अली मिझेरेझ यांच्या गटाने 2013 साली प्रसिद्ध केलेल्या कामात त्यावर मार्ग काढला. त्यांनी पायातील आरएनए मोठ्या प्रमाणावर वाचून यादी तयार केली आणि प्रत्यक्ष प्रथिनांचे तुकडे तिच्याशी ताडून पाहिले. 2015 साली पुढचा तपशील हाती आला: ही प्रथिने एकदम स्रवत नाहीत, ठरावीक क्रमाने स्रवतात. डोपा असलेले एक प्रथिन सर्वांत आधी बाहेर पडून पृष्ठभाग धरते आणि बाकीची त्याच्या मागोमाग येतात.