आयुष्मान कार्डावर रूट कॅनॉल होत नाही

‘कार्ड दाखवा, दात फुकट बसवून घ्या’ असं सोलापुरात विडी कामगारांच्या वस्त्यांपासून चादर कारखान्यांपर्यंत अजूनही सांगितलं जातं. ते खरं नाही. आयुष्मान भारत या सरकारी आरोग्य योजनेचे 5 लाख रुपये वर्षाला, अख्ख्या कुटुंबाला, तेही दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी. कीड भरणं, रूट कॅनॉल, कवळी त्यात बसत नाही.

अपघातात जबडा मोडला किंवा तोंडाचा कॅन्सर निघाला, तर मात्र कार्ड जरूर वापरा. आधी रुग्णालय योजनेत आहे का, ते 14555 या हेल्पलाइनवर विचारा. रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, कार्ड, आधार आणि एक्स-रे द्या. उपचाराला योजनेची पूर्वमंजुरी मिळण्याआधी रोख भरू नका. पुढे ते पैसे परत मिळवताना फार दमछाक होते. साध्या दातदुखीला सरकारी दवाखान्याचा दंत विभाग गाठा.