पांढरी वायर कुठे लावायची?

मोटरसायकलसाठी ट्रेलर लाइट किट आणि जादा दिव्यांचे किट घेणाऱ्यांसाठी

किट हातात पडले की एक-दोन दिवसांत फोन येतो. "सगळ्या वायरी जुळल्या, ही पांढरी तेवढी उरली. गाडीत पांढरी वायरच नाही. टेप गुंडाळून ठेवली तर चालेल ना? दिवे तर लागतायत." दिवे लागतात हे खरे, आणि सगळा घोटाळा त्यामुळेच होतो.

पांढरी वायर म्हणजे ट्रेलरचे अर्थिंग, करंटची बॅटरीकडे परतीची वाट. ती थेट बॅटरीच्या निगेटिव्हला जाते. चेसिसला नाही, हिचच्या (ट्रेलर अडकवायच्या जोडाच्या) बोल्टला नाही, सीटखाली हाताला लागेल त्या स्क्रूलाही नाही.

मग ती न लावता दिवे लागले कसे? ट्रेलरवरच्या दिव्यांचे निगेटिव्ह बहुधा सांगाड्यालाही टेकलेले असते. सांगाडा हिचच्या गोळ्यावर बसतो आणि करंट त्या गोळ्यातून गाडीच्या चेसिसमध्ये उतरतो. गाडी उभी असताना हे जमून जाते. पण गोळ्यावर ग्रीस असते, सांगाड्यावर पावडर कोटिंग असते, आणि मोटरसायकल वळणावर कलते म्हणून तिच्या हिचला बऱ्याचदा फिरता सांधाही असतो. रस्त्यावर हे सगळे हलत राहते. खड्डा आला की संपर्क सुटतो, पुढच्या खड्ड्यात पुन्हा जुळतो. तुम्ही थांबून मागे बघायला जाता तेव्हा सगळे ठणठणीत असते.

लक्षणे ओळखीची आहेत. नुसते पार्किंग लावले तर ठीक, ब्रेक दाबला की सगळेच मंद. इंडिकेटर लावला की ब्रेकलाइटही त्याच्या तालावर लुकलुकते. मॉड्यूल (गाडीचा इशारा घेऊन ट्रेलरच्या दिव्यांना बॅटरीतून करंट देणारा किटमधला डबा) वगळून वायरी सरळ गाडीच्या टेललाइटला जोडल्या असतील तर आणखी गंमत: पार्किंग बंद असताना ब्रेक दाबावा आणि स्पीडोमीटरचा दिवा हलकासा पेटावा. परतीची वाट बंद झाली की करंट बल्बच्या दुसऱ्या फिलामेंटमधून उलटा शिरतो आणि गाडीच्या पार्किंगच्या वायरीत जाऊन बसतो. अशा वेळी बल्ब बदलतात, रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) बदलतात, शेवटी मॉड्यूल जळाले म्हणून आमच्याकडे पाठवतात. टेबलावर लावून पाहिले की ते निमूटपणे चालते.

रंगाला रंग जोडू नका

या गोंधळाचे मूळ रंगांत आहे. आमच्या किटमध्ये ट्रेलरच्या वायरिंगचे नेहमीचेच रंग आहेत: पांढरी अर्थिंग, तपकिरी पार्किंग, पिवळी डावा इंडिकेटर, हिरवी उजवा, लाल ब्रेक. गाड्यांचे रंग मात्र ज्या त्या कंपनीचे. होंडाच्या गाडीत हिरवी वायर म्हणजे अर्थिंग, बीएमडब्ल्यूत तपकिरी, यामाहात काळी, सुझुकीत काळीवर पांढरी रेघ, कावासाकीत काळीवर पिवळी. आता होंडावाल्याने हिरवीला हिरवी जोडली तर ट्रेलरचा उजवा इंडिकेटर लागणारच नाही. बीएमडब्ल्यूवाल्याने तपकिरीला तपकिरी जोडली तर पार्किंगचेही तेच. शिवाय सात पिनांच्या युरोपीय सॉकेटमध्ये काळी वायर डाव्या पार्किंगची असते. काळी म्हणजे निगेटिव्ह, हा घरून आणलेला समज तिथे फ्यूज उडवतो.

म्हणून गाडीच्या बाजूने रंग बघूच नका. इंडिकेटर चालू करा, टेस्ट लॅम्प (वायरीत करंट आहे का ते दाखवणारा छोटा दिवा) लावा, जी वायर लुकलुकते ती इंडिकेटरची. चारही वायरी मिळून दहा मिनिटे लागतात.

पांढरी वायर इतकी जाड का, असेही विचारतात. हिशोब सोपा आहे. 5 वॉटचे दोन पार्किंग, 21 वॉटचे दोन ब्रेक, हजार्ड (सगळे इंडिकेटर एकदम) लावले तर 21 वॉटचे आणखी दोन. झाले 94 वॉट, म्हणजे 12 व्होल्टवर जवळजवळ 8 अँपिअर. जाताना हा करंट चार वायरींत वाटला जातो, परतताना मात्र सगळा एकट्या पांढरीतून येतो. म्हणून बाकीच्या 1 चौरस मिलिमीटरच्या आणि पांढरी अडीचची. बाजारात सगळ्या वायरी सारख्याच बारीक असलेली किट मिळतात, स्वस्तही असतात. आम्ही तसे करत नाही.

पांढरी जोडल्यावर मल्टिमीटरचा बझर वाजला म्हणून निश्चिंत होऊ नका. बझरला अगदी नगण्य करंट लागतो. वायरीतली एकच बारीक तार धड असली तरी तो वाजतो, पण 8 अँपिअर त्या एका तारेतून जात नाहीत. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. पार्किंग लावा, कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरे ट्रेलरवरच्या होल्डरच्या निगेटिव्हला. पाव व्होल्टच्या आत आले तर उत्तम. एक व्होल्टच्या वर गेले तर कुठेतरी गंज, रंग किंवा ढिला लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) आहे, तो शोधा. ही एकच चाचणी आधी केली असती तर निम्मे फोन आलेच नसते, असे आमचे मत आहे.

बॅटरीवर काम करताना निगेटिव्ह आधी सोडा आणि शेवटी लावा. पॉझिटिव्हच्या वायरीवरचा 10 अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच राहू द्या. फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायर जळू नये म्हणून असतो.

मॉड्यूल कशाला, थेट टेललाइटवरून घेऊ, असे म्हणणारे भेटतात. टूरिंग गाड्यांची टेललाइट आता बहुधा एलईडी असते आणि तिची वायर तेवढ्याच किरकोळ करंटपुरती बारीक असते. काही गाड्यांचा कंट्रोलर जादा करंट दिसला की ती लाइनच बंद करतो. मॉड्यूल गाडीकडून नुसता इशारा घेते, ताकद बॅटरीतून घेते. वायर चिरून बसणाऱ्या चिमट्याच्या जोडण्याही आम्ही देत नाही. त्या तारा तोडतात आणि पाणी आत घेतात. किटमध्ये क्रिम्प (दाबून बसवायची जोडणी) आणि गोंदवाली हीट श्रिंक (तापवली की आवळून बसणारी नळी) आहे, तीच वापरा.

जादा दिव्यांबद्दल थोडक्यात. 55 वॉटचे दोन हॅलोजन म्हणजे 9 अँपिअर, ते हँडलच्या स्विचवर टाकू नका. रिलेच्या पिनांवर नंबर असतात: 30 ला फ्यूजमधून बॅटरी, 87 ला दिवे, 85-86 ला हाय बीमचा इशारा आणि निगेटिव्ह. पाच पिनांचा रिले असेल तर मधली 87ए मोकळी सोडा, नाहीतर हाय बीम बंद केल्यावर दिवे लागतील. या किटमध्ये अर्थिंगची वायर काळी आहे (हो, इथे काळी), आणि तीही बॅटरीलाच जाते. ट्रेलरचा फ्यूज आणि यांचा फ्यूज वेगळा ठेवा. ट्रेलर आणि हॅलोजन दोन्ही चालवायचे तर अल्टरनेटरकडे (इंजिनवर चालून वीज बनवणाऱ्या यंत्राकडे) किती वॉट शिल्लक राहतात ते गाडीच्या पुस्तिकेवरून ताडून बघा. एलईडीचे किट घेतलेत तर ही चिंता बरीच कमी होते.

तक्रार कळवताना दोन गोष्टी सोबत द्या: वरच्या चाचणीत आलेला व्होल्टचा आकडा, आणि पांढऱ्या वायरीचे टोक जिथे लावले आहे तिथला फोटो. हे आधी का मागता म्हणून काहीजण रागावतात, पण त्यात पार्सलची एक फेरी वाचते, तुमचीही आणि आमचीही. पाकिटात पांढरीसाठी 6 मिलिमीटरचा एक जादा रिंग लग टाकला आहे. पहिला क्रिम्प बिघडला तर तो वापरा. तोही बिघडला तर कळवा, आणखी पाठवू.