रोजच्या इंटरनेटसाठी बिगर-ॲडमिन खाते : पार्श्वभूमी

संगणकाची देखभाल सर्व अधिकार असलेल्या ‘ॲडमिन’ (ॲडमिनिस्ट्रेटर) खात्यातून आणि रोजचे काम मर्यादित अधिकारांच्या दुसऱ्या खात्यातून करावे, हा विचार इंटरनेटच्या प्रसारापेक्षा बराच जुना आहे. १९६० च्या दशकात एकच मोठा संगणक अनेक जण वाटून वापरू लागले, तेव्हा एकाच्या चुकीने दुसऱ्याचे काम बिघडू नये म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र खाते देणे भागच होते. १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये जन्मलेल्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमने (संगणक चालवणाऱ्या मूळ प्रणालीने) ‘रूट’ हे सर्वाधिकारी खाते इतरांपासून वेगळे ठेवले. पुढे १९७५ मध्ये जेरोम साल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी संगणक-सुरक्षेच्या तत्त्वांमध्ये ‘किमान अधिकारां’चे तत्त्व मांडले : प्रत्येक प्रोग्रॅमला आणि वापरकर्त्याला हातातले काम पुरे होण्यापुरतेच अधिकार असावेत.

घरगुती संगणकापर्यंत मात्र हे शहाणपण वेळेवर पोचले नाही. १९८१ च्या एमएस-डॉस या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये खाते ही कल्पनाच नव्हती, आणि कुठेही न जोडलेल्या, एकट्याने वापरायच्या यंत्राला ते चालूनही गेले. विंडोज ९५ लॉग-इनची चौकट दाखवत असे, पण एस्केपची कळ दाबली की ती बाजूला होई आणि डिस्कवरच्या सगळ्या फायली हाताशी येत. नेमक्या याच काळात घराघरांत इंटरनेट आले.

१९९३ च्या विंडोज एनटीमध्ये अधिकारांची खरी व्यवस्था होती आणि २००१ चे विंडोज एक्सपी त्याच पायावर उभे राहिले. तरीही एक्सपी बसवताना तयार होणारी खाती ॲडमिनिस्ट्रेटरचीच असत. ‘मर्यादित’ खाते उपलब्ध होते, पण त्यात अनेक जुने प्रोग्रॅम अडत, कारण ते आपली सेटिंग्ज ‘प्रोग्रॅम फाइल्स’च्या फोल्डरमध्ये लिहू पाहत आणि तिथे लिहायला मनाई असे. वापरणाऱ्याला दिसे ती फक्त एक त्रुटीची सूचना, आणि मग तो कंटाळून ॲडमिनच्या खात्याकडे वळे. माझ्या मते यात दोष त्याच्यापेक्षा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचा अधिक होता.

या सवयीची किंमत मोठी होती, कारण ब्राउझर किंवा मेलमधून उघडलेली फाइल ज्या खात्यातून चालते, त्या खात्याचे अधिकार तिला आपोआप मिळतात. ॲडमिनच्या खात्यातून चाललेला घातक प्रोग्रॅम अँटिव्हायरस बंद करू शके आणि सिस्टिमच्या फायलीही बदलू शके. अर्थात साधे (बिगर-ॲडमिन) खाते प्रत्येक हल्ला अडवत नाही : २००३ चा ब्लास्टर हा वर्म (नेटवर्कवरून आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम) थेट विंडोजच्या एका सेवेत, म्हणजे पार्श्वभूमीत चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, शिरत असल्यामुळे समोरचा माणूस कोणत्या खात्यात आहे याने काहीच फरक पडत नव्हता.

२००४ मध्ये आलेल्या उबुंटू या युनिक्सच्या धर्तीवरच्या ऑपरेटिंग सिस्टिमने रूट खात्यातून थेट लॉग-इन बंदच ठेवले. २००७ च्या सुरुवातीला बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टाने ‘यूझर अकाउंट कंट्रोल’ आणून ॲडमिनच्या खात्यातले प्रोग्रॅमही मर्यादित अधिकारांनी चालवायला आणि जास्त अधिकार लागले तर एका चौकटीत परवानगी मागायला सुरुवात केली, आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनाही सवयी बदलायला लावल्या. तिथेही एक फरक उरला : ॲडमिनला परवानगीच्या चौकटीत एरवी फक्त होकाराचे बटण दाबायचे असते आणि ते घाईत सहज दाबले जाते, तर साध्या खात्यातल्या माणसाला ॲडमिनचा पासवर्ड टाइप करावा लागतो. त्या काही सेकंदांत, आपण तर काहीच बसवायला घेतले नव्हते, हे लक्षात यायला वाव मिळतो. नव्या विंडोजमध्ये बनणारे पहिले खाते मात्र अजूनही ॲडमिनचेच असते. साधे खाते ज्याचे त्यालाच वेगळे उघडावे लागते.