आमिस लोकांचा इलिसिन : त्या गोल नाचामागे केवढा इतिहास आहे

सप्टेंबर २०२५ मध्ये रगासा टायफूनच्या वेळी तैवानच्या पूर्वेकडे डोंगरात दरड पडून साठलेलं पाणी फुटलं आणि ह्वालिएन जिल्ह्यातल्या ग्वांगफू गावात गाळाचा लोंढा घुसला, माणसं गेली, घरं गेली, ती बातमी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचली असेल. बातम्यांत ग्वांगफूचं नाव फक्त पूरग्रस्त म्हणून आलं. पण आमिस ह्या आदिवासी लोकांच्या सगळ्यात जुन्या आणि मोठ्या गावांपैकी दोन, फाताआन आणि ताफालोंग, तिथेच आहेत, आणि ती माणसं नेमकी कोण हे कोणी फारसं सांगितलं नाही म्हणून हे लिहितोय. (फाताआन हे नाव तुरीवरून पडलंय, आपलीच तूर, तिथे ती डुकराच्या हाडांबरोबर सूपमध्ये शिजवतात.)

तैवानमध्ये सरकारने मान्यता दिलेल्या सोळा आदिवासी जमाती आहेत आणि त्यात आमिस सगळ्यात मोठी, दोन लाखांच्या वर लोक. उत्तरेकडचे बरेच जण स्वतःला पांगत्साह म्हणतात. एका बाजूला मधला मोठा डोंगर, दुसऱ्या बाजूला पॅसिफिक, मधे ह्वालिएनपासून ताइतुंगपर्यंतची लांब दरी आणि किनारपट्टी, हा त्यांचा मुलूख. भाषा ऑस्ट्रोनेशियन, म्हणजे फिलिपिन्स, हवाई, मादागास्कर इथल्या भाषांच्या कुटुंबातली, आणि भाषातज्ञ मानतात की हे सगळं कुटुंब तैवानमधूनच बाहेर पसरलं. मूळ कथाही भारी आहे, मोठा पूर आला, एक भाऊ-बहीण लाकडी उखळात बसून वाचले आणि त्सिलांगासान डोंगराला लागले, तिथून पुढे माणसं वाढली.

आता इलिसिन. टुरिस्ट लोकांना हा हार्वेस्ट फेस्टिवल म्हणून माहीत आहे, जुलैमध्ये दक्षिणेला ताइतुंगच्या गावांत सुरू होतो आणि गावागावाने वर सरकत ऑगस्टच्या शेवटी ह्वालिएनला संपतो. लाल कपडे, पिसांचे मुकुट, हात धरून मोठा गोल, एक जण ओळ म्हणतो बाकीचे उचलतात, फोटो अप्रतिम येतात. पण पीक आलं म्हणून नाचले एवढंच धरलं तर निम्म्याहून जास्त सुटतं. पूर्वी मुख्य पीक राळा होतं, भात नंतर आला, राळ्याच्या कापणीनंतर नवं वर्ष धरायचे आणि पूर्वजांच्या आत्म्यांना बोलवायचं, खाऊ-पिऊ घालायचं, मग निरोप द्यायचा. बऱ्याच गावांत पहिल्या रात्री फक्त पुरुषांच्या असायच्या, बायका नंतर गोलात यायच्या. म्हणजे आपला पितृपक्ष आणि गावची जत्रा एकत्र केली तर जे होईल त्याच्या जवळपासचं काहीतरी. आणि त्याच दिवसांत गावातले पुरुष एका गटातून वरच्या गटात जातात, मला विचाराल तर खरा कणा हा आहे.

ह्या वयोगटांची सिस्टीम नीट समजून घ्यायला हवी. मुलगा तेरा-चौदाचा झाला की पाकारोंगाय, सगळ्यात खालचे, निरोप पोचवायचे, पाणी भरायचं, म्हाताऱ्यांना दारू वाढायची, रागावणं ऐकून घ्यायचं. काही वर्षांनी आख्खी बॅच मिळून तरुणांच्या गटात जाते आणि त्या बॅचला नाव मिळतं, आणि त्या बॅचची माणसं मरेपर्यंत एकमेकांना बांधलेली असतात, एकाचं घर बांधायचं तर सगळे, एकाचा बाप गेला तर सगळे. जसजसं वय वाढेल तसतशी बॅच वर सरकते, कामं बदलतात, रस्ता, राखण, लढाई, मासेमारी, शेवटी सल्ला देणारे म्हातारे. उत्तरेकडच्या गावांत ठरलेली नावं फिरून फिरून येतात, दक्षिणेकडे मात्र प्रत्येक बॅचला नवीन नाव, आणि ते नाव त्या काळात जे घडलं त्यावरून. ताइतुंगजवळच्या दुलान गावात एका बॅचचं नाव १९८५ मध्ये अमेरिकन शटलमधून अंतराळात गेलेल्या चिनी वंशाच्या वांग गान-जुन ह्यांच्यावरून आहे, आणि एकीचं मिलेनियमवरून. म्हणजे नुसती बॅचची नावं ओळीने म्हटली तरी गावाचा इतिहास कळतो, लिहून ठेवायची गरजच नाही.

गावकी पुरुषांकडे आणि घर बायकांकडे. घर, जमीन, भांडीकुंडी आईकडून मुलीकडे, लग्न झालं की नवरा बायकोच्या घरी राहायला जातो. पण त्याचं वजन कमी होत नाही, कारण आईच्या घरात तो फाकी म्हणजे मामा, तिथे वाटणी, भांडण, मयत, कशातही त्याला विचारल्याशिवाय पान हलत नाही. इलिसिनच्या वेळी बऱ्याच गावांत एक रात्र असते तेव्हा पोरी आवडलेल्या पोराच्या खांद्यावरच्या आलोफो पिशवीत सुपारी टाकतात. निवड पोरीची.

हे सगळं मोडायचा प्रयत्न किती वेळा झाला ते बघा. १८७७ मध्ये चीनच्या छिंग सरकारचा सेनापती वू ग्वांगलियांग पूर्व किनाऱ्याकडे रस्ता काढत होता, ह्वालिएनच्या किनाऱ्यावरच्या त्सेपोच्या आमिस लोकांशी लढाई झाली, आणि पुढच्या वर्षी तह झालाय असं सांगून बोलावलेल्या तरुणांना छावणीत मारलं. गावात आजही सांगतात की दीडशेच्या वर पोरं होती. वयोगटावर चालणाऱ्या गावात एवढी तरुण पोरं एकदम गेली म्हणजे काय होत असेल, राखण कोण करणार, मागून येणाऱ्यांना शिकवणार कोण! त्याच सुमारास साकिझाया नावाची शेजारची जमात हरली आणि जीव वाचवायला आमिस लोकांत मिसळून गेली, शंभरहून जास्त वर्षं सरकारी कागदांत आमिस म्हणूनच राहिली, वेगळी मान्यता मिळाली थेट २००७ मध्ये.

मग १८९५ ला जपानी आले. १९०८ मध्ये त्सिकासुआन गावाने बंड केलं, गाव नष्ट केलं, लोक पांगवले, आणि त्याच जमिनीवर जपानहून आणलेल्या शेतकऱ्यांची योशिनो वसाहत बसवली. वयोगट जपान्यांनी मोडले नाहीत, वापरले, कारण रस्ते आणि बंदरांच्या वेठबिगारीला आयती शिस्तीतली तरुणांची टोळी मिळत होती. सैन्यातही नेलं. १९७४ च्या डिसेंबरमध्ये इंडोनेशियातल्या मोरोताई बेटावर जंगलात जो शेवटचा जपानी सैनिक सापडला, महायुद्ध संपून २९ वर्षं झाल्यावर, तो जपानी नव्हताच, आमिस होता. त्याचं नाव सुनिउओ. १९७५ मध्ये घरी परत आला आणि १९७९ मध्ये वारला.

१९४५ नंतर चिनी राष्ट्रवादी सरकार आलं आणि सगळ्यांना चिनी आडनावं लावली गेली, कधीकधी एकाच घरातल्या लोकांना वेगवेगळी. वडिलांकडून आडनाव, पुढे पगारही पुरुषाच्या हातात, त्यामुळे आईकडून चालणारं घर हळूहळू ढिलं पडलं. चर्च आलं, आत्म्यांशी बोलणाऱ्या सिकावासाय कमी होत गेल्या, आता मोजक्याच गावांत उरल्यात. साठ-सत्तरच्या दशकात तरुण ताइपे, कीलुंगकडे गेले, बांधकाम, खोल समुद्रातल्या बोटी, कोळशाच्या खाणी. १९८४ च्या हाइशान खाणीच्या स्फोटात सत्तरहून जास्त लोक मेले, त्यात आमिस बरेच. आणि ह्याच काळात जिल्हा पातळीवर स्टेडियममध्ये एकत्रित हार्वेस्ट फेस्टिवल भरवायला सुरुवात झाली, टुरिस्टसाठी, ज्यात पूर्वजांना बोलवणं वगैरे काही नाही, नुसता नाच. मला ह्याचा राग येतो, स्पष्टच सांगतो.

ताफालोंगची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. तिथे काकिताआन घराण्याचं पूर्वजांचं घर होतं, खांबांवर कोरीव काम, त्यात पुराच्या कथेसकट गावाच्या मूळ कथा. १९५८ च्या टायफूनमध्ये घर पडलं आणि खांब ताइपेच्या अकादेमिया सिनिका ह्या संशोधन संस्थेच्या म्युझियममध्ये गेले. २००३ मध्ये गावातले तरुण आणि सिकावासाय बायका तिथे गेल्या आणि म्हणाल्या आमचे पूर्वज परत द्या. शेवटी ठरलं की खांब म्युझियममध्ये राहतील पण खांबातले आत्मे गावी जातील, विधी करून ते गावी आणले, नवे खांब कोरले, घर पुन्हा उभं केलं. म्युझियमवाल्यांनी हे ऐकून घेतलं ह्याचं मला फार अप्रूप वाटतं.

आवाजाची पण अशीच एक केस आहे. नव्वदीत एनिग्मा ह्या म्युझिक ग्रुपचं रिटर्न टू इनोसन्स हे गाणं ऐकलं असेल तर त्यातला तो म्हाताऱ्याचा आवाज आमिस आहे, ताइतुंगच्या मालानचे दीफांग आणि त्यांची पत्नी इगाय. ती मंडळी १९८८ मध्ये युरोपात गायला गेली होती तेव्हाचं रेकॉर्डिंग, त्यांना न विचारता वापरलेलं. गाणं १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या जाहिरातीत वाजलं. १९९८ मध्ये त्यांनी दावा लावला, पुढच्या वर्षी कोर्टाबाहेर मिटलं आणि त्यांचं नाव लागायला लागलं. दीफांग २००२ मध्ये गेले.

१९९४ मध्ये राज्यघटनेतला 'डोंगरी बांधव' शब्द जाऊन आदिवासी आला, १ ऑगस्ट २०१६ ला तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष त्साय इंग-वेन ह्यांनी आदिवासींची माफी मागितली. पण २०१७ मध्ये पारंपरिक जमिनींचे जे नियम काढले त्यातून खाजगी जमीन वगळली, म्हणजे साखर कारखान्यांपासून हॉटेलांपर्यंत जे गेलं ते त्यात येतच नाही. आमिस दिग्दर्शक मायाव बिहो आणि गायिका पानाय वगैरे मंडळी त्याविरुद्ध ताइपेत रस्त्यावर तंबू टाकून वर्षानुवर्षं बसली.

इलिसिनला आता कायद्याने सुट्टी मिळते, आणि शहरात राहिलेले तिथेच नदीकाठच्या मैदानावर स्वतःचा वेगळाही करतात. कोणी बघायला जाणार असाल तर गावाचा इलिसिन गाठा, स्टेडियमचा नको, आणि आधी विचारा कुठल्या दिवशी बाहेरच्यांनी यायला हरकत नाही, कारण बोलावल्याशिवाय मधे घुसून गोल तोडला तर म्हातारे चिडतात आणि बरोबरच आहे त्यांचं. शेवटी पाकेलांग असतं, नदीवर किंवा समुद्रावर जाऊन मासे धरायचे, सगळ्यांनी मिळून खायचे. लग्न, मयत, कुठलंही मोठं कार्य झालं की हे करतातच, त्याशिवाय ते कार्य संपलं असं धरत नाहीत. ते झालं की ज्यांची शहरात ड्युटी आहे ते निघतात.