गाडीतलं ब्लूटूथ: कॉलचं वेगळं, गाण्याचं वेगळं

साताऱ्यात किंवा सांगलीत दहा-पंधरा वर्षं जुनी गाडी घेतलेल्यांची एक तक्रार नेहमी कानावर येते. फोन गाडीला जोडला जातो, कॉल स्पीकरवर खणखणीत ऐकू येतो, पण गाणं लावलं की ते मोबाईलमध्येच वाजतं. दुकानात विचारलं की "सेट बदला", म्हणजे गाडीतली म्युझिक सिस्टिमच बदला, हे उत्तर ठरलेलं. सेट बिघडलेला नसतानाही लोक पैसे मोजून मोकळे होतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

ब्लूटूथवरून कॉल नेण्याची पद्धत वेगळी आणि गाणं नेण्याची वेगळी. गाडीत दोन्ही असतीलच असं नाही. कॉलच्या पद्धतीला एचएफपी (हँड्स-फ्री प्रोफाइल) म्हणतात, गाण्याच्या पद्धतीला ए-टू-डी-पी. कॉलमध्ये आवाज दोन्ही बाजूंनी जातो: समोरच्याचा गाडीच्या स्पीकरवर, तुमचा गाडीच्या माइकवरून फोनकडे. बोलणं समजलं म्हणजे झालं, म्हणून जुन्या सेटमध्ये या आवाजाचे सेकंदाला फक्त 8,000 नमुने (आवाजाची मोजमापं; जितकी जास्त, तितका आवाज स्वच्छ) घेतले जातात. 2011 मध्ये एचएफपीची 1.6 आवृत्ती आली, तेव्हा ते 16,000 झाले. गाण्याचा प्रवास एकाच दिशेने होतो, पण डावा-उजवा आवाज वेगळा राहतो आणि सेकंदाला साधारण 44,100 नमुने जातात. एखादी क्लिप कॉलच्या वाटेने गाडीत आलीच, तर गायक डब्यात तोंड घालून गातोय असं वाटतं. तो दोष स्पीकरचा नसतो.

त्या काळात गाडी बनवणाऱ्यांनी आधी कॉलची सोय दिली, गाण्यासाठी सीडी, यूएसबी आणि ऑक्स (फोनची वायर लावायचं भोक) होतंच. त्यामुळे कित्येक गाड्यांत ब्लूटूथ आहे, पण ते फक्त बोलण्यापुरतं.

फोन जोडायचं सेटिंग सापडत नाही त्याचंही कारण हेच. आपण ऑडिओच्या मेनूत शोधत बसतो, आणि जोडणी असते फोनच्या मेनूत. सेटवर किंवा स्टीअरिंगवर रिसीव्हरचं चित्र असलेलं बटण दाबा, त्यात 'पेअर' किंवा 'ॲड डिव्हाइस' शोधा. गाडी उभी असू द्या, कारण बरेच सेट चालत्या गाडीत हा मेनू उघडतच नाहीत. पिन मागितला तर 0000 किंवा 1234 टाकून पाहा. नंतरच्या सेटमध्ये दोन्हीकडे सहा आकडी एकच नंबर दिसतो, तो जुळवून होकार द्यायचा. नवा फोन घेतच नसेल तर आधीच्या मालकाच्या फोनांनी यादी भरलेली असू शकते. ती आधी रिकामी करा.

आता तुमच्या गाडीत गाण्याची सोय आहे का, हे कसं ओळखायचं? फोन जोडलेला असताना 'सोर्स' बटण एकेकदा दाबत जा: एफएम, सीडी, यूएसबी, ऑक्स. त्यात 'बीटी ऑडिओ' आलं तर सोय आहे. काही सेटमध्ये फोन जोडल्याशिवाय हे नाव येतच नाही, म्हणून आधी जोडा, मग शोधा. दुसरी खूण अँड्रॉइड फोनमध्ये मिळते. ब्लूटूथच्या यादीत गाडीच्या नावाशेजारचं गिअरचं चिन्ह उघडा. तिथे 'फोन कॉल' आणि 'मीडिया ऑडिओ' अशी दोन बटणं दिसतात. दुसरं बंद असेल तर चालू करा, काम तिथेच होईल. ते बटण मुळातच नसेल, तर गाडी गाणी घेत नाही हे समजा. आयफोनमध्ये अशी वेगळी बटणं नसतात, तिथे 'सोर्स'चीच खूण धरावी.

गाण्याची सोय नसली म्हणून सेट काढून टाकू नका. ऑक्सचं भोक असेल तर त्यात बसणारा छोटा ब्लूटूथ रिसीव्हर घ्या. कॉल गाडीच्या सेटवर आणि गाणी रिसीव्हरवर, दोन्ही एकाच वेळी चालतं. लायटर सॉकेटमधला एफएम ट्रान्समीटर, म्हणजे फोनमधलं गाणं गाडीच्या रेडिओवर पोचवणारं यंत्र, हा माझ्या मते शेवटचा पर्याय. साताऱ्यात मोकळी सापडलेली फ्रिक्वेन्सी पुण्याकडे जाताना तिथल्या एखाद्या स्टेशनखाली दबते, आणि हायवेवर बटणं फिरवत बसावं लागतं.

कॉलची बाजू मात्र हलकी धरू नका. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात गाडी चालवताना हातात फोन वापरणं धोकादायक वाहनचालनात मोडतं. खंबाटकी घाटात फोन वाजला तर उपयोगी पडणारी सोय ही, गाण्याची नव्हे.

आणखी एक फरक घरातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवावा. गाण्याची जोडणी गाणंच नेते. कॉलच्या जोडणीबरोबर मात्र, तुम्ही होकार दिला असेल तर, नावं-नंबर आणि कॉलची यादीही सेटमध्ये उतरू शकते. म्हणून गाडी विकताना मोबाईलमधून गाडीचं नाव काढणं पुरेसं नाही. गाडीच्या फोन मेनूत जाऊन तिथली जोडणी आणि फोनबुक दोन्ही पुसा, मगच किल्ली द्या.