टीव्हीवर चित्र येतंय पण आवाज येत नाही? केबल बदलायला यायच्या आधी हे वाचा

लॅपटॉप टीव्हीला जोडायला आमच्याकडून एचडीएमआय केबल नेली की बऱ्याच जणांचा त्याच संध्याकाळी फोन येतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "अहो केबल खराब निघाली, चित्र मस्त येतंय पण आवाज लॅपटॉपमधूनच येतोय." काही जण फोनसुद्धा करत नाहीत, सरळ गर्दीच्या लोकलमधून दादरला येतात, केबल काउंटरवर ठेवतात आणि बदलून मागतात. आम्ही बदलून देऊ हो, पण नवीन केबल लावली तरी घरी तेच होणार, आणि तुमची फेरी फुकट जाणार ती जाणारच, वर ज्या मॅचसाठी सगळा खटाटोप केला ती तोपर्यंत संपलेली असणार. म्हणून हा कागद आता प्रत्येक केबलच्या पिशवीत टाकतोय. केबल कशी खोचायची ते तुम्हाला माहितीच आहे, ते सांगत बसत नाही.

आधी मुख्य गोष्ट. एचडीएमआयमध्ये आवाजाची वेगळी वायर नसतेच. चित्र ज्या तारांमधून जातं त्याच तारांमधून आवाजही जातो, चित्राच्या एका ओळीनंतर दुसरी ओळ सुरू व्हायच्या मधे जी थोडीशी मोकळी जागा असते त्यात आवाज भरून पाठवतात. म्हणजे चित्र स्वच्छ दिसत असेल, मधेच जात नसेल, तर केबल ठणठणीत आहे असं समजा. केबल खरंच बिघडली की पहिला फटका चित्रालाच बसतो, स्क्रीन दोन सेकंद काळी होऊन परत येते, रंगीत ठिपके चमकायला लागतात किंवा टीव्ही 'नो सिग्नल' दाखवतो. असं काही होत असेल तर बिनधास्त घेऊन या, तिथल्या तिथे बदलून देऊ. जुन्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांचं तसं नव्हतं, पिवळी चित्राची आणि लाल-पांढरी आवाजाची, त्यामुळे एक सैल झाली तरी दुसरं चालू राहायचं. डीव्हीडी प्लेयरच्या काळात आपण सगळ्यांनी तेच वापरलंय, म्हणून आवाज गेला की हात पहिला केबलकडे जातो, ते साहजिक आहे.

मग आवाज अडकतो कुठे, तर लॅपटॉपमध्ये. टीव्ही जोडला की लॅपटॉपला आवाजाचे दोन रस्ते मिळतात, एक स्वतःचे स्पीकर आणि दुसरा टीव्ही, आणि कधी तो आपणहून टीव्हीवर जातो, कधी जात नाही. जात नसेल तर उजव्या कोपऱ्यात खाली स्पीकरचं चिन्ह आहे ना, त्यावर क्लिक करा. विंडोज ११ असेल तर आवाजाच्या पट्टीच्या शेजारी अजून एक छोटं बटण दिसेल ते दाबा, विंडोज १० मध्ये पट्टीच्या वर एक नाव आणि बाण असतो तो दाबा, यादी उघडेल. त्यात 'रिअलटेक' असं लिहिलेलं बहुतेक तुमच्या लॅपटॉपचे स्वतःचे स्पीकर. टीव्हीच्या कंपनीचं नाव, किंवा 'इंटेल डिस्प्ले ऑडिओ', 'एनव्हिडिया हाय डेफिनिशन ऑडिओ' असं काही दिसलं तर तो टीव्ही. त्यावर क्लिक केलं की झालं, आणि फोनवरच्या बहुतेक तक्रारी इथेच मिटतात. मॅकवाल्यांनी सिस्टीम सेटिंग्जमध्ये साउंडमध्ये जाऊन आउटपुटला टीव्ही निवडायचा. मॅकवर त्यानंतर कीबोर्डची आवाजाची बटणं सहसा चालत नाहीत, तो बिघाड नाही, आवाज टीव्हीच्या रिमोटने कमी-जास्त करायचा.

रिमोटवरून आठवलं, टीव्हीचा आवाज शून्यावर नाही ना तेही बघा, सेट टॉप बॉक्सच्या रिमोटने आवाज वाढवायची सवय असते त्यामुळे टीव्हीचा स्वतःचा आवाज कितीवर आहे हे घरात कोणालाच माहीत नसतं. आणि पूर्वी कधी साउंडबार जोडला होता आणि आता काढून ठेवलाय असं असेल तर टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये 'टीव्ही स्पीकर' परत निवडावा लागतो.

एवढं करूनही आवाज नाही आला तर ब्लूटूथ बघा. गिरगावात एका ताईंकडे आमचा मुलगा गेला होता, मुलीचा अमेरिकेहून व्हिडिओ कॉल टीव्हीवर बघायचा म्हणून सगळं घर जमलेलं, चित्र छान, आवाज कुठेच नाही, लॅपटॉपमधूनही नाही. शेवटी स्वयंपाकघराच्या दारामागच्या खुंटीला अडकवलेल्या नेकबँडमधून मुलीचा आवाज येताना सापडला. नेकबँड चालूच राहिला होता आणि लॅपटॉप त्यालाच धरून बसला होता. ब्लूटूथ बंद केलं, यादीतून टीव्ही निवडला, दोन मिनिटांचं काम. पण आमचा मुलगा त्यासाठी भर पावसात दादरहून गिरगावला गेला आणि त्या ताईंना व्हिजिटचे पैसे पडले, म्हणून एवढं कळकळीने लिहितोय.

झूम आणि टीम्सचं वेगळं असतं, त्यांच्या आत स्पीकरची वेगळी सेटिंग असते, तिथेही टीव्ही निवडावा लागतो नाहीतर सिनेमाचा आवाज टीव्हीवर आणि मीटिंगचा लॅपटॉपवर असं होतं. व्हीएलसी प्लेयरमध्ये वरच्या ऑडिओ मेनूत 'ऑडिओ डिव्हाइस' बघा. आणि केबल लावायच्या आधीपासून व्हिडिओ चालू असेल तर तो बंद करून परत लावा, कधी कधी तो जुन्या स्पीकरलाच चिकटून राहतो.

यादीत टीव्ही दिसतच नसेल तर आधी टीव्ही चालू आहे ना आणि रिमोटवर सोर्स दाबून बरोबर त्याच नंबरच्या एचडीएमआयवर आहे ना ते बघा, मग विंडोजचं बटण धरून पी दाबा आणि 'डुप्लिकेट' किंवा 'एक्स्टेंड' निवडा. तरी नाही दिसला तर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे लॅपटॉपचं चित्र चालवणारं सॉफ्टवेअर, परत टाकावा लागतो, कारण एचडीएमआयच्या आवाजाचा ड्रायव्हर सहसा त्याच्याबरोबरच येतो. लोक रिअलटेकचा ड्रायव्हर टाकत बसतात, त्याने लॅपटॉपचे स्पीकर सुधारतील, टीव्हीचा आवाज नाही येणार.

आता जिथे आवाज खरंच जाऊ शकत नाही ते सांगतो. लॅपटॉपला निळा, पंधरा पिनांचा व्हीजीए पोर्ट असेल तर त्यातून फक्त चित्र जातं. ते तंत्र १९८७ सालचं आहे, त्यात आवाजाची सोयच नव्हती. अशा लॅपटॉपला व्हीजीएतून एचडीएमआय करणारा कन्व्हर्टर लागतो, तो यूएसबीवर चालतो आणि त्याला हेडफोनच्या भोकातून आवाजाची एक छोटी वायर जोडायची असते. ही छोटी वायर बॉक्समध्येच राहते आणि मग फोन येतो. याच्या उलट एचडीएमआयतून व्हीजीए करणारा कन्व्हर्टर दिसायला जवळपास तसाच असतो पण एक दुसऱ्याच्या जागी चालत नाही, दिशा ठरलेली असते. म्हणून काउंटरवर आम्ही लॅपटॉपला काय आहे, टीव्हीला काय आहे असं विचारत बसतो, त्यावर काही जण वैतागतात, "पिन बसली की झालं, द्या लवकर" म्हणतात. पिन बसते हो, पण त्यातून पुढे काही जात नाही.

यूएसबी-सीचंही तेच. भोक सगळ्यांचं सारखंच दिसतं पण चित्र सगळ्यातून जात नाही, काही फक्त चार्जिंग आणि डेटासाठी असतात. शेजारी थंडरबोल्टचं, म्हणजे खाली बाणाचं टोक असलेलं विजेचं चिन्ह किंवा डिस्प्लेपोर्टचं डी-पी जोडलेलं चिन्ह असेल तर बहुतेक चालतं, काहीच नसेल तर लॅपटॉप घेऊन या, दुकानातल्या टीव्हीला लावून दाखवतो, त्याचे पैसे घेत नाही. टीव्हीच्या मागचा यूएसबी पोर्ट मात्र पेन ड्राइव्हसाठी असतो, दोन्हीकडे चपट्या पिना असलेली यूएसबी केबल घेऊन लॅपटॉप त्याला जोडायचा प्रयत्न कृपा करून करू नका, चित्र तर येणार नाहीच आणि एखादा पोर्ट उडायचा.

केबल महागडी हवी का असं सगळे विचारतात. हॉलमध्ये दीड ते तीन मीटर पुरते आणि त्या अंतरात साधी, चांगल्या बनावटीची हाय स्पीड केबल आणि सोन्याचा मुलामा दिलेली केबल यांच्या चित्रात काही फरक नसतो, म्हणून दुप्पट-तिप्पट किमतीची आम्ही स्वतःहून पुढे करत नाही. फोर-के टीव्हीवर माऊस अडकत अडकत सरकत असेल तर बऱ्याचदा लॅपटॉपचा एचडीएमआय १.४ या जुन्या आवृत्तीचा असतो, तो फोर-के सेकंदाला ३० चित्रांपर्यंतच देतो, डिस्प्ले सेटिंगमध्ये १०८० आणि ६० हर्ट्झ करा, लगेच फरक कळेल. कडा कापल्या जात असतील तर टीव्हीच्या पिक्चर साइझमध्ये 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' असं काहीतरी सापडेल. वायरलेसने, म्हणजे विंडोजचं बटण आणि के दाबूनही जोडता येतं, फोटो बघायला ठीक आहे, पण चित्र आणि आवाज थोडे मागे पडतात त्यामुळे क्रिकेट आणि कॉलला वायरच लावा.

ज्यांच्याकडे फर्निचरचं काम चालू आहे त्यांच्यासाठी एक वेगळं सांगणं. टीव्हीची वायर भिंतीत घ्यायची तर बारीक पाईप टाकू देऊ नका. एचडीएमआयचं डोकं साधारण दोन सेंटीमीटर रुंद असतं, ते बारीक पाईपच्या एल्बोमध्ये हमखास अडकतं आणि मग पीओपी झाल्यावर भिंत फोडायची वेळ येते. दीड इंची पाईप, कोपऱ्यात मोठा बेंड, आणि आत ओढायची दोरी सोडून ठेवा. अंतर दहा मीटरच्या वर असेल तर फायबरची केबल येते, तिला दिशा असते, एका टोकावर 'सोर्स' लिहिलेलं ते लॅपटॉपकडे आणि 'डिस्प्ले' लिहिलेलं टीव्हीकडे. उलटी घातली तर पूर्ण ओढून परत घालावी लागते, म्हणून पाईपमध्ये सोडायच्या आधी एकदा जमिनीवर पसरून जोडून बघा. इंटिरियरवाल्याला आमच्याशी बोलायला सांगा, अंतर मोजून किती मीटरची लागेल ते फोनवर सांगतो, त्याचे काही पैसे नाहीत.

व्हिजिटबद्दल थोडं. घरी माणूस पाठवला की जाण्यायेण्यात त्याचा अर्धा दिवस जातो, म्हणून चार्ज लावतो, आणि निघायच्या आधी आवाजाच्या यादीचा फोटो मागतो, त्यात टाळाटाळ करायचा हेतू नाही. त्या एका फोटोवरून आम्हाला काय झालंय ते बहुतेक वेळा कळतं आणि फोनवर सुटलं तर एक रुपया घेत नाही. बिलावरच्या नंबरवर हे फोटो पाठवा, लॅपटॉपच्या दोन्ही बाजू, टीव्हीचा मागचा भाग आणि ती यादी. नवीन काही घ्यायचं असेल तरी लॅपटॉपचे आणि टीव्हीचे हेच फोटो आधी पाठवा, बरोबर वस्तू बाजूला काढून ठेवतो, तुम्ही फक्त येऊन घेऊन जा.