केट वॉल्शच्या मेंदूतली गाठ: थकव्याआड लपणारा मेनिंजिओमा

‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ आणि तिच्यातूनच निघालेली ‘प्रायव्हेट प्रॅक्टिस’ या अमेरिकी मालिकांत डॉ. अ‍ॅडिसन माँटगोमरी साकारणारी केट वॉल्श सप्टेंबर २०१७ मध्ये आपल्या आजाराबद्दल पहिल्यांदा उघडपणे बोलली. जून २०१५ मध्ये तिच्या मेंदूच्या पुढच्या डाव्या भागातून पाच सेंटिमीटरहून थोडी मोठी गाठ काढली होती. आधीची लक्षणं अगदी किरकोळ वाटावीत अशी: कॉफीचे कपावर कप रिचवूनही न जाणारा थकवा, ऐन वेळी शब्द न सापडणं, व्यायामात उजवी बाजू खाली झुकणं, गाडी उजवीकडे सरकत जाणं. वय ४७. रजोनिवृत्तीची चाहूल हे उत्तर तयारच होतं. एमआरआयसाठी पडद्यावरच्या या सर्जनबाईंना आग्रह धरावा लागला. गाठ दिसल्यावर मात्र तीन दिवसांत शस्त्रक्रिया झाली.

तिची गाठ मेनिंजिओमा होती. ही गाठ मेंदूच्या पेशींची नसते, त्यावरच्या आवरणाची असते. वर्षानुवर्षं इतकी सावकाश वाढते की मेंदू सरकून तिला जागा करून देतो. पुढच्या भागावर दाब आला की उत्साह आणि पुढाकार आधी मावळतात. म्हणून घरच्यांना आळस आणि डॉक्टरांना नैराश्य वाटू शकतं. डावा मेंदू शरीराची उजवी बाजू चालवतो आणि बहुतेकांची भाषाही तिथेच असते. वॉल्शची लक्षणं एकत्र मांडली असती, तर बोट डाव्या बाजूकडेच गेलं असतं.

‘मेनिंजिओमा’ हे नाव अमेरिकी मेंदू-सर्जन हार्वी कुशिंग यांनी १९२२ मध्ये रूढ केलं. त्याआधी, १९१० मध्ये, त्यांनी अमेरिकी लष्करातले जनरल लेनर्ड वुड यांची अशीच गाठ काढली होती. वुड कामावर परतले, फिलिपाइन्सचे गव्हर्नर-जनरल झाले; पण गाठ पुन्हा वाढली आणि १९२७ मध्ये पुन्हा केलेल्या शस्त्रक्रियेनंतर ते गेले. असं का होतं, याची नेमकी मांडणी मेंदू-सर्जन डोनाल्ड सिम्पसन यांनी १९५७ मध्ये केली. गाठीसोबत ती जिथे चिकटली होती ते आवरण आणि बिघडलेलं हाडही काढलं, तर ती परतण्याची शक्यता सर्वांत कमी. आवरण नुसतं जाळून सोडलं तर जास्त. तुकडा मागे राहिला तर आणखी जास्त. मोठ्या शिरेला चिकटलेली गाठ पूर्ण खरवडणं धोक्याचं असतं, त्यामुळे तिथे सर्जन मुद्दाम थोडी ठेवतात.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये सीटी स्कॅन झालेली पहिली रुग्ण ही मेंदूच्या पुढच्या भागात गाठ असल्याचा संशय असलेली एक स्त्री होती. तरीही साध्या सीटीत मेनिंजिओमा आसपासच्या मेंदूसारखाच राखाडी दिसून निसटू शकतो. गॅडोलिनियमचं इंजेक्शन देऊन केलेल्या एमआरआयमध्ये तो ठळक उजळतो.

पुरुषांपेक्षा स्त्रियांत ही गाठ दुपटीने आढळते आणि बऱ्याच गाठींत प्रोजेस्टेरॉन या स्त्री-संप्रेरकाला प्रतिसाद देणारे रिसेप्टर असतात. मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन या त्याच्यासारख्याच कृत्रिम औषधाचं गर्भनिरोधक इंजेक्शन वर्षाहून अधिक काळ घेणाऱ्यांत शस्त्रक्रिया लागणाऱ्या मेनिंजिओमाचा धोका ५.६ पट असल्याचं फ्रान्समधल्या अभ्यासात २०२४ मध्ये दिसलं. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात ‘अंतरा’ म्हणून मिळतं ते हेच औषध. मुळात आजार दुर्मीळ, त्यामुळे घाबरून ते परस्पर बंद करू नये. पण मेनिंजिओमा असेल किंवा पूर्वी झाला असेल, तर इंजेक्शन घेण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं.

वॉल्शची गाठ साधी, म्हणजे कॅन्सर नसलेली निघाली. तरी तिने नऊ महिने काम थांबवलं. २०१७ मध्ये ती एका विमा कंपनीच्या मोहिमेत टीव्हीवरच्या इतर ‘डॉक्टरां’सोबत दिसली. वार्षिक तपासणी करा आणि रक्तदाब, कोलेस्टेरॉल, साखर, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) हे चार आकडे जाणून घ्या, असा तिचा संदेश होता. सल्ला चांगलाच, फक्त या चारपैकी एकाही आकड्यात तिची गाठ दिसली नसती.